‘मग सांगतो!’

न विचारता सल्ला देण्याची खोड प्राध्यापकाला असतेच, आणि ती निवृत्तीनंतरही जात नाही असे म्हणतात. माझ्या निवृत्तीला अजून बराच अवकाश आहे. तेव्हा ही खोड सध्या ऐन भरात आहे. या सदराच्या जुन्या वाचकांना हे निराळे सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस माझी एक विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. मराठी हा मुख्य विषय घेऊन ती बी. ए. ला पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली होती. मुलगी हुशार, वाचन चांगले, आणि नाट्यवाचनाच्या तासाला तिचा आवाज लागला म्हणजे मागच्या बाकांवरची मंडळीसुद्धा गप्पा थांबवीत. मी पेढा तोंडात टाकला आणि सवयीने विचारले, “मग, आता एम. ए. ना?”

“नाही सर. दुभाषी व्हायचं ठरवलंय. नाटक-सिनेमाची.”

मला वाटले, फ्रेंच असेल, जपानी असेल. हल्ली मुले काय काय शिकतात! म्हटले, “उत्तम! पण भाषा कोणती?”

तिने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, दोन्ही हात मोकळे केले आणि माझ्यासमोर धरले. “ही.”

मी हसलो. आता लिहिताना त्या हसण्याची लाज वाटते, पण हसलो खरा. “अगं, खुणा करणं हा काय पोटापाण्याचा उद्योग झाला? आणि तोही नाटक-सिनेमात! घरी काय म्हणतात? आईवडील ऐकतात का तुझं?”

“नाही सर,” ती शांतपणे म्हणाली. “दोघंही ऐकत नाहीत.”

“मग मी बोलतो त्यांच्याशी!”

“बोला की सर,” तिच्या डोळ्यांत हसू उमटले, “मी आहेच सांगायला.”

पेढा माझ्या घशातच अडकला. तीन वर्षे ही मुलगी माझ्या समोरच्या बाकावर बसत होती. तिला दुर्बोध कविता उलगडून सांगताना मी घसा कोरडा केला होता. आणि तिच्या आईला व वडिलांना जन्मापासून ऐकू येत नाही, ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती! मी कसाबसा म्हणालो, “माफ कर हं. दोघंही मूकबधिर आहेत हे मला...”

“बधिर आहेत, सर. मुके नाहीत. दिवसभर बोलत असतात!”

ती गेल्यावर सौ. ने चहाचे पेले उचलता उचलता एवढेच म्हटले, “तुम्हांला थोरल्या काकांची आठवण नाही झाली?”

झाली होती. म्हणून तर मी गप्प बसलो होतो.

माझे थोरले काका दुसऱ्या वर्षी तापाने फणफणले आणि त्या तापातून उठले ते ऐकणे कायमचे गमावून. ते एका छापखान्यात कंपॉझिटर होते. खिळे जुळवण्यात त्यांचा हात धरणारा तिथे दुसरा कोणी नव्हता. दिवाळी जवळ आली की रात्र रात्र छापखान्यात असत. लोकांचे विनोद, लोकांच्या कथा, लोकांची नाटके ते उलट्या अक्षरांत, एकेक खिळा उचलून, जुळवीत. पण तीच नाटके पाहायला घरची मंडळी निघाली म्हणजे घराच्या किल्ल्या काकांच्या हाती देण्यात येत. “त्यांना काय समजणार?” असे म्हणताना कोणाच्या मनात दुष्टपणा नसे, उलट, काकांची गैरसोय होऊ नये अशीच भावना असे.

एकदा हट्टाने ते आमच्याबरोबर एका विनोदी नाटकाला आले. मी आठनऊ वर्षांचा असेन. सारे थिएटर हसत होते. काका आधी डावीकडे पाहत, मग उजवीकडे पाहत, आणि लोकांचे चेहरे हसरे दिसले की आपणही हसत. एक क्षणभर उशिरा. मध्येच त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटले, मनगट फिरवले आणि भुवया उंचावल्या. आमच्या घरातल्या खुणांत त्याचा अर्थ होता, ‘काय झालं?’ मी हाताचा पंजा पुढे ढकलल्यासारखा केला. त्याचा अर्थ, ‘मग सांगतो.’

त्या खुणेशिवाय आमच्या घरात काकांना दुसरे उत्तरच मिळत नसे. जेवताना पाच माणसे खो खो हसत, काका विचारीत, आणि पाचांपैकी कोणीतरी म्हणे, ‘मग सांगतो’. तो ‘मग’ कधी उजाडला नाही. कारण जेवण झाले की विनोद शिळा होई, आणि शिळा विनोद पुन्हा गरम करून वाढण्याचा कंटाळा कोणाला येत नाही?

फक्त रविवारी चित्र पालटे. १९८७ पासून दूरदर्शनवर आठवड्यातून एकदा कर्णबधिरांसाठी बातम्या लागत. काका त्या दिवशी धुतलेला सदरा घालून टीव्हीपुढे बसत. पडद्यावरचे हात हलू लागले की त्यांचे डोळे त्यांवर खिळत. ती भाषा त्यांना शाळेतल्या मित्रांकडून आली होती. गुरुजींनी शिकवलेली नव्हे. गुरुजी तर वर्गात हात हलवले म्हणून बोटांवर छडी मारीत. पुढे पुढे काका मध्येच आमच्याकडे वळत आणि आम्हांलाच बातमी समजावून सांगू लागत! त्या थोड्या वेळात घरात ऐकणारे ते एकटे असत आणि बहिरे आम्ही सगळे.

काका २००३ साली गेले. शेवटच्या आजारपणात डॉक्टर खाटेशी उभे राहून माझ्याशी बोलत होते. काकांनी चादरीवरचा हात उचलून मनगट फिरवले. त्यांना काय सांगावे हे मला कळेना, आणि सांगायला माझ्यापाशी पुरेशा खुणाही नव्हत्या. माझा पंजा आपसूक पुढे गेला. मग सांगतो. तिसऱ्या दिवशी काका गेले.

हे मी आजवर या पानावर लिहिले नव्हते. आता लिहिले, कारण त्या मुलीने पुढे मला जे सांगितले ते त्याशिवाय वाचकांना नीट उमगणार नाही.

ती आठवड्याने पुन्हा आली. या वेळी मीच बोलावले होते. मी विचारले, “दुभाषीच व्हायचं तर दवाखान्यात हो, कोर्टात हो. तिथं माणसं अडलेली असतात. नाटक-सिनेमाच कशाला?”

ती म्हणाली, “सर, मी आठ वर्षांची असल्यापासून दुभाषीच आहे. बँकेत साहेब काय म्हणतात, दवाखान्यात डॉक्टर काय म्हणतात, माझ्याच शाळेत बाई माझ्याबद्दल काय तक्रार करतात, हे सगळं मीच आईबाबांना सांगत आले. तक्रारसुद्धा खरी सांगितली हं! पण गरजेचं सगळं सांगून होईपर्यंत मी दमायची. मजेचं राहून जायचं. टीव्हीवर सिनेमा लागला की बाबा विचारायचे, आणि मी म्हणायची...”

“मग सांगते,” मी म्हणालो.

तिने चमकून माझ्याकडे पाहिले. “तुम्हांला कसं कळलं, सर?”

त्या दिवसापासून आमच्यातले गुरुशिष्याचे नाते उलटले. ती शिकवू लागली आणि मी शिकू लागलो.

पहिला धडा हा की, खुणांची भाषा म्हणजे मराठीची किंवा इंग्रजीची हस्तलिखित प्रत नव्हे. ती स्वतंत्र भाषा आहे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेत प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो, नकारही शेवटी येतो; भुवया आणि मान हलते ती नटवेपणाने नव्हे, व्याकरण म्हणून हलते. ती साऱ्या जगात एकच आहे हाही भ्रम. इंग्रज आणि अमेरिकन माणसे एकच इंग्रजी बोलतात. पण त्या दोन देशांतल्या बधिरांना एकमेकांची भाषा कळत नाही. कारण १८१७ साली अमेरिकेत हार्टफर्डला बधिरांची शाळा निघाली, तेव्हा तिथे शिकवायला लॉरां क्लेर्क हा बधिर शिक्षक फ्रान्सहून आला होता. त्यामुळे अमेरिकेतल्या खुणांचे कूळ फ्रान्समध्ये सापडते, इंग्लंडात नव्हे.

आणि ही खरी भाषा आहे हे शास्त्रीय पद्धतीने प्रथम मांडले कोणी? एका साहित्याच्या प्राध्यापकाने! विल्यम स्टोकी हे वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयात बधिर मुलांना इंग्रजी शिकवायला गेले. आपले विद्यार्थी आपसांत बोलतात त्यात काही शिस्त आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. १९६० साली त्यांनी त्या भाषेच्या रचनेवर प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांची टिंगल केली. मी जे हसलो होतो, त्या हसण्याला एवढी जुनी परंपरा आहे हे कळून मला फारसा दिलासा मिळाला नाही. त्यापूर्वी ऐंशी वर्षे, म्हणजे १८८० साली, इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. शाळांतून खुणा हद्दपार कराव्यात आणि तोंडाने बोलायलाच शिकवावे, असा ठराव तिथे झाला. काकांच्या बोटांवर पडलेली छडी निघाली होती ती मिलानहून! त्याबद्दल अशाच परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकूव्हरला. तोवर काकांना जाऊन सात वर्षे झाली होती.

दुसरा धडा करमणुकीचा. एक काळ असा होता की, चित्रपटगृहात बहिरा आणि ऐकणारा यांत भेद नव्हता. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईला कॉरोनेशनमध्ये लागला, तेव्हा पडद्यावर चित्रे हलत आणि मधूनमधून पाट्या येत. ज्याला वाचता येई त्याला सारे समजे. अमेरिकेत तर ग्रॅनव्हिल रेडमंड नावाचा बधिर चित्रकार चार्ली चॅप्लिनचा जिवलग मित्र होता. चॅप्लिनने त्याला आपल्या स्टुडिओत चित्रे काढायला जागा दिली, त्याच्याकडून खुणा शिकून घेतल्या आणि आपल्या चित्रपटांत त्याला कामेही दिली. ‘सिटी लाइट्स’मधला शिल्पकार तो हाच. पण तोवर १९३१ साल उजाडले होते. त्याच वर्षी १४ मार्चला मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला, आणि पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. बोलपट आला म्हणून आपण सर्वांनी आनंद केला. पण पडदा बोलू लागला त्या दिवशी पाट्या गेल्या, आणि बधिर प्रेक्षकाला थिएटरचे दार न लावताच बंद झाले. बोलपटाचा इतिहास मी वर्गात कितीदा तरी सांगितला असेल. ही बाजू मला कधी सुचली नव्हती.

ते दार पुन्हा उघडले तेही फार सावकाश. मूकपटांतून कामे करणारा एमर्सन रोमेरो हा बधिर नट बोलपटांमुळे बेकार झाला; त्याने १९४७ मध्ये जुन्या बोलपटांच्या फिती कापून त्यांत स्वतः पाट्या चिकटवायला सुरुवात केली. १९६७ साली अमेरिकेत बधिर नटांची राष्ट्रीय नाटकमंडळी निघाली. १९८० साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘द एलिफंट मॅन’ या नाटकाचा प्रयोग दुभाष्यांसह झाला. रंगमंचाच्या कडेला उभे राहून सारे नाटक हातांनी सांगायचे, हा उद्योग तिथे तेव्हापासून रुळत गेला. १९९० साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाल्यावर त्याला बळ आले. आज तिथे मोठमोठ्या गाण्यांच्या जलशांतही दुभाषी उभा असतो.

“गाण्याच्या?” मी विचारले. “बहिऱ्याला गाण्याचं काय?”

“सर, बाबा गणपतीच्या मिरवणुकीत ताशापथकाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहतात. छातीत वाजतं म्हणतात!” ती म्हणाली. शब्दांचा अर्थ हातांनी, ठेका खांद्यांनी, आणि सुराचा चढउतार हालचालीच्या लहानमोठेपणाने दाखवायचा. गाणे एकदा नव्हे, शेकडो वेळा ऐकून आधी त्याचे भाषांतर बसवायचे. आणि हे काम फक्त ऐकणाऱ्यांचे आहे असेही नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सुपर बोल या फुटबॉलच्या सामन्यात मध्यंतराला रिहाना गायली. ते गाणे हातांनी सांगणारी जस्टिना माइल्स ही तरुणी स्वतः बधिर आहे, आणि जगभर तिची वाहवा झाली. बधिर दुभाष्यासमोर एक ऐकणारा साथीदार राहतो. तो गाणे कुठवर आले याचा इशारा देतो आणि बाकीचे काम कलावंत करतो.

मग तिने मला फोनवर २०२२ चा ऑस्कर सोहळा दाखवला. ‘कोडा’ या चित्रपटासाठी ट्रॉय कॉट्सर या बधिर नटाला साहाय्यक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. पारितोषिक देणारी कोरियन अभिनेत्री युन यो-जोंग हिने त्याचे अभिनंदन आधी खुणेने केले. त्याने बाहुली हातात घेतली खरी, पण हातात बाहुली असली तर माणूस बोलणार कसा? तेव्हा तिने ती परत आपल्याकडे घेतली आणि त्याचे भाषण संपेपर्यंत शेजारी धरून उभी राहिली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या नाहीत. सर्वांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. बधिरांच्या टाळ्या अशा असतात. मला १८२४ सालच्या व्हिएन्नाची गोष्ट आठवली. नववी सिंफनी संपली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट चालू होता आणि बीथोवन प्रेक्षकांकडे पाठ करून उभा होता. एका गायिकेने हाताला धरून त्याला वळवले, असे सांगतात. टाळ्या त्याला दिसल्या तेव्हाच मिळाल्या!

‘कोडा’ हे अमेरिकेतल्या एका कोळी कुटुंबाचे चित्र आहे. घरात सारे बधिर. एकटी मुलगी ऐकणारी आणि तीच गाणारी. आपल्याकडे १९९६ साली आलेल्या ‘खामोशी’तही गोव्यातल्या बधिर आईबापांची गाणारी मुलगी होती, हे वाचकांना आठवेल. त्याआधी १९७२ मध्ये गुलजारांचा ‘कोशिश’ येऊन गेला. नाना पाटेकर, सीमा विश्वास, संजीवकुमार, जया भादुरी यांनी कामे अप्रतिम केली; पण हे सारे ऐकणारे कलावंत होते. ‘कोडा’त बधिरांच्या भूमिका बधिरांनीच केल्या. अशा चित्रीकरणात दुभाष्याचे काम दुहेरी असते. दिग्दर्शकाची सूचना नटापर्यंत जायची आणि नटाची शंका दिग्दर्शकापर्यंत. कॅमेऱ्यात दिसायचे नाही, पण नटाच्या नजरेसमोर मात्र राहायचे. मार्ली मॅटलिन या बधिर अभिनेत्रीला १९८७ साली ऑस्कर मिळाले. तिचा दुभाषी जॅक जेसन याने दशकानुदशके तिची साथ केली. तो स्वतः बधिर आईबापांचा मुलगा आहे. शिवाय संवादांचे खुणांत रूपांतर बरोबर झाले की नाही हे पाहणारा एक निराळाच जाणकार असतो, आणि तो शक्यतो बधिरच असावा असा आग्रह आहे.

“आणि पैसे?” मी मध्यमवर्गीय प्रश्न विचारलाच.

“नाटक-सिनेमावर पोट भरेल असं आज तरी नाही, सर. शाळेत, कोर्टात, बातम्यांत काम करायचं आणि त्यातून हे.” तिने सारी चौकशी केली होती. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत २००१ साली सांकेतिक भाषेचा कक्ष निघाला. २०१५ मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिने २०२१ पर्यंत शब्दकोशात १०,००० शब्द जमवले. दुभाष्यांची दोन वर्षांची पदविकाही तिथे मिळते. २०११ च्या जनगणनेत ऐकू न येणाऱ्यांची संख्या ५० लाखांच्या घरात होती. आणि २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, की चित्रपटात बधिरांसाठी मथळे किंवा सांकेतिक भाषा अशी काहीतरी सोय असावी. थोडक्यात, दार किलकिले होते आहे.

त्या जानेवारीत आमच्या स्नेहसंमेलनात मुलांनी एक विनोदी नाटक बसवले होते. मी प्राचार्यांना गळ घातली, की एका प्रयोगाला दुभाषी उभी राहू द्या. परवानगी मिळाली, आणि मराठीचा प्राध्यापक म्हणून संहितेचा अर्थ लावून देण्याचे काम माझ्याकडे आले. मला वाटले, दोन तासांचे काम. पहिल्या पानालाच तीन संध्याकाळी लागल्या!

वाचकहो, आपली मराठी किती कानाळू आहे याची तुम्हांला कल्पना आहे काय? नाटकात सासू सुनेविरुद्ध मुलाचे कान भरीत होती. मुलगा ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडीत होता. नोकर कान टवकारून उभा होता, आणि पकडला गेल्यावर त्याने कानांवर हात ठेवले. हे शब्दशः दाखवले तर बधिर प्रेक्षकाला वाटेल, घरात कानदुखीची साथ आली आहे! मी अर्थ सांगे, मुलगी खूण करून पाही, आणि तिचे वडील खुर्चीत बसून मान हलवीत. बहुधा आडवी. ‘कान भरणे’ला त्यांनी स्वतः उठून एक खूण सुचवली, ती पाहून मला माझ्या नात्यातल्या दोन बायका डोळ्यांपुढे दिसल्या. आणि ‘भिंतींनाही कान असतात’ या वाक्याला ते हसत सुटले. त्यांनी मुलीला काही सांगितले. ती म्हणाली, “बाबा म्हणतात, आमच्या भिंतींना कान असून काय उपयोग? आमच्या भिंतींना डोळे असतात!”

पंचवीस वर्षे मी म्हणी आणि वाक्प्रचार शिकवतो आहे. एवढे चोख भाषांतर मला आजवर साधलेले नाही.

भरतमुनींनी अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. ते मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. वाचिकाचे आंगिक करायचे आणि त्यातले सात्त्विक सांडू द्यायचे नाही, हे किती कष्टाचे आहे ते मी त्या पंधरा दिवसांत पाहिले. एरवी दुभाषी जोडीने काम करतात आणि साधारण वीस मिनिटांनी पाळी बदलतात. हात दुखतात त्याहून डोके शिणते. आमच्याकडे दुसरी कोण असणार? तिने एकटीने सारे नाटक उचलले. साधा काळा पोशाख केला, म्हणजे हात उठून दिसावेत. रंगमंचाच्या डाव्या कडेला जागा घेतली, आणि तिच्या समोरच्या रांगांत तिचे आईवडील व त्यांची पंधराएक मित्रमंडळी बसली.

दुसऱ्या अंकात घोटाळा झालाच. रात्रीचा प्रवेश म्हणून दिवे सांभाळणाऱ्या मुलाने सारे दिवे मंद केले, त्यांत हिच्यावरचाही केला. नट अंधारात बोलत होते, लोक ऐकत होते. आणि त्या पंधरा जणांसाठी नाटक मध्येच बंद पडले होते. मी विंगेतून धावत गेलो आणि त्या मुलाच्या खांद्याला धरून अक्षरशः ओरडलो, “तिचा दिवा लाव! दिवा गेला म्हणजे आवाज गेला!” दिवा लागला. तिने एका श्वासात मागचे चार संवाद भरून काढले आणि नोकराच्या फजितीपाशी नटांना गाठले.

मी तिथेच, विंगेच्या कडेला, प्रेक्षकांकडे पाहत उभा राहिलो. नोकर कानांवर हात ठेवून ‘मी नाही त्यातला’ म्हणाला आणि सभागृहात हशा पिकला. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिले. तिचे वडील हसत होते. डावीकडे न पाहता, उजवीकडे न पाहता. सगळ्यांच्या बरोबर. एक क्षणही उशीर न होता.

मला पुढचा प्रवेश नीट दिसला नाही, एवढेच लिहितो.

नाटक संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले, फोटो काढू लागले. ती संकोचली. मला हळूच म्हणाली, “सर, असं कौतुक झालं की भीती वाटते. लोक दुभाष्याला पाहायला लागले म्हणजे ज्यांच्यासाठी तो उभा आहे त्यांना विसरतात. बधिर नट कुठं आहेत, हे कुणी विचारत नाही.” आणि थकून चहा घ्यायला आत गेली. तेवढ्यात प्रमुख पाहुणे भाषणाला उभे राहिले. मी तिच्या वडिलांशेजारी बसलो होतो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटले, मनगट फिरवले, भुवया उंचावल्या.

माझा पंजा जुन्या सवयीने पुढे निघाला होता. मी तो अर्ध्यावर मागे घेतला, खिशातून पेन काढले आणि निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहू लागलो: ‘पाहुणे म्हणतात, आजच्या तरुणांनी...’ चार ओळी झाल्या. त्यांनी त्या वाचल्या, पेन मागून घेतले आणि सुवाच्य अक्षरात खाली लिहिले: ‘दर वर्षी हेच म्हणतात. माझ्या शाळेतसुद्धा हेच म्हणत.’ आम्ही दोघे एकदमच हसलो. पाहुण्यांना वाटले, भाषण रंगते आहे.

ती मुलगी सध्या दिल्लीला पदविका पुरी करते आहे. दिवाळीला घरी येणार आहे. फराळाला चौघांनाही बोलावले आहे, म्हणजे तिच्या धाकट्या भावासकट. मी जमतील तेवढ्या खुणा शिकतो आहे. चकली, लाडू आणि ‘अजून घ्या’ येथपर्यंत मजल गेली आहे, सौ. माझ्या पुढे आहे. तुमच्याकडेही फराळाच्या पंगतीत एखादी आजी, एखादे काका, एखादे लहान मूल असे बसलेले असेल, की जे सगळे हसल्यावर हसते. त्याने विचारले तर लाडू खाली ठेवा, आणि तो विनोद, कितीही फालतू असला तरी, तिथल्या तिथे सांगा.